पाच महिन्यांचा पहारा

तमाम लहानथोरांस, ग्रामस्थांस, व्यापारी बंधूंस, तसेच ज्यांनी संस्था काढल्या आणि ज्यांच्या बंद पडल्या अशा सर्वांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की दुकानात माणूस ठेवताना त्याला तराजू धरता येतो का हे पाहू नये. त्याला टाळ धरता येतो का हे पाहावे.

हा नियम माझा नाही. मी केजच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर व्यवस्थापन शिकवतो, त्यामुळे माझ्याकडे नियम भरपूर आहेत, पण त्यातला एकही कुणी वापरलेला मी अजून पाहिलेला नाही. हा नियम बुवांचा, आणि बुवांनी तो मरेपर्यंत वापरला.

युसूफ वडगावच्या बाजारपेठेत बुवांचं पेंडीचं दुकान होतं. सरकीची पेंड, भुसा, मक्याचा भरडा, गुरांना चाटायचं मीठ. दुकानात शिरलं की आधी वास भेटायचा आणि मग बुवा. गावच्या भजनी मंडळाचे ते म्होरके, आणि मंडळातूनच निघालेल्या एका लहानशा संस्थेचे सर्वेसर्वा. ही तीन कामं वेगवेगळी आहेत, हे त्यांना सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नसावं. मी सांगून पाहिलं. त्याचं काय झालं ते पुढं येईल.

दुकानात कामाला माणूस आला की बुवा त्याच्या हातात टाळ द्यायचे, स्वतः एखादी साधी चाल धरायचे आणि चांगली पंधरा मिनिटं गायचे. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळलं. पंधरा मिनिटांत ज्याची लय पुढं पळाली, त्याला ते तराजूपाशी उभं करत नसत. "ह्याला घाई हाय," म्हणायचे. "घाईचा मानूस पारडं थांबायच्या आत पोतं उचलतो." ज्याची लय रेंगाळली तो गोदामात. आणि जो डोळे मिटून, मान डोलावत, स्वतःच्याच टाळावर खूष होऊन वाजवायचा, त्याला ते चहा पाजून घरी पाठवायचे. "ह्यो आपलंच ऐकतो. गिऱ्हाइकाचं काय ऐकंल?"

माझीही परीक्षा झाली. मी गेलो होतो कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची वर्गणी मागायला. बुवांनी वर्गणीऐवजी टाळ पुढं केला. मी लाजत लाजत वाजवला. लहानपणी मामाच्या गावी शिकलो होतो, त्यामुळे लय सुटली नाही. पण पाचव्या मिनिटाला मी मागच्या पोत्यांना टेकलो आणि दहाव्या मिनिटाला त्यावर बसलो. गाणं संपवून बुवांनी निकाल दिला.

"प्राध्यापक, कान हाय तुमाला. पाय न्हाईत."

वर्गणी मिळाली, आणि जाताना मी त्यांच्या संस्थेचा चिटणीस होऊन बाहेर पडलो. कसा झालो हे मला आजही नीट सांगता येणार नाही. रस्त्यात मोटारसायकल उभी करून मी बराच वेळ विचार केला होता.

बुवांचे कान हा एक स्वतंत्र विषय होता. हमालानं पोतं जमिनीवर टाकलं की त्या आवाजावरून पेंडीला ओल लागलीय का ते सांगायचे. घासाघीस कधी करायचे नाहीत. गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की बुवा गुणगुणायला लागत. गिऱ्हाईक आणखी खाली उतरलं की बुवा एक पट्टी वर चढत. पुन्हा उतरलं, पुन्हा चढत. शेवटी त्यांचा आवाज अशा ठिकाणी पोहोचायचा की शेजारच्या कापडवाल्याचं नातवंड जागं होऊन रडायला लागायचं आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "बरं बरं, भरा पोतं." घरी माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "आमच्याकडं भांडण झालं तरी सुरात होतं. मी बेसूर हाय म्हनून जिंकते."

आता त्यांच्या भजनातली बैठक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुठल्याही गावात मोठ्या आवाजाचा माणूस पहिल्या रांगेत असतो. बुवा त्याला शेवटच्या रांगेत धाडायचे. पहिल्या रांगेत बारीक आवाजाची, पण ऐकणारी माणसं. "मोठ्या आवाजाला मागून बी ऐकू जातं," ते म्हणायचे. "त्याला फुडं कावून ठिवायचं? ज्याला ऐकू येतं त्याला माज्याजवळ ऱ्हाऊ द्या. मी चुकलो तर त्याला आधी कळंल."

या पद्धतीमुळे गावातला सगळ्यात मोठा आवाज कायम भिंतीला लागून असायचा. तो आवाज आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे वीस गावांत ओळख असलेला माणूस, पाण्याखालची जमीन, दोन ट्रॅक्टर, पांढरी जीप, आणि जीपमध्ये कायम दोन कार्यकर्ते. भजनाचा हॉल ज्या जागेवर उभा आहे ती त्यांच्या वडिलांनी दिलेली, म्हणून ते अध्यक्ष. सभेत बोलायला उभे राहिले की माईकवाल्याला बसून घ्यायला सांगायचे. भजनातही तसंच गायचे. पण बुवांच्या शब्दाबाहेर नव्हते. शेवटच्या रांगेत उभं राहायचे, कुरकुरत. "बुवा, वडलांनी जागा दिली ती भिंतीला टेकाया दिली का?" बुवा म्हणायचे, "भिंत बी तुमचीच हाय की."

संस्थेच्या सभाही बुवा भजनासारख्याच घ्यायचे. खुर्च्या नाहीत. सगळे दोन रांगांत समोरासमोर उभे, प्रत्येकाच्या हातात टाळ. ठराव वाचायचा. मंजूर असेल तर टाळाचा एक ठोका. सगळ्यांचा एकदम. उभ्या सभा असल्यामुळे त्या लवकर संपायच्या, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. एकदा असाच ठराव मांडला, ठोका पडला, आणि मी वहीत 'सर्वानुमते' लिहायला लागलो तर बुवांनी हात वर केला.

"थांबा. एक टाळ मागं पडला."

पुन्हा ठोका. "आजून मागं हाय."

पाच वेळा ठोका झाला. सहाव्यांदा अध्यक्षांनी टाळ खाली केला आणि म्हणाले, "मला ह्यो ठराव पसंत न्हाई. पन समदे हो म्हनायलेत म्हनून वाजवला." मग त्यावर तासभर बोलणं झालं, ठराव बदलला, आणि सातवा ठोका एकदम पडला. मी व्यवस्थापनाच्या पुस्तकात एकमत या विषयावर अख्खं प्रकरण शिकवतो. त्या दिवसानंतर ते शिकवताना मला थोडी लाज वाटते.

आणि मी त्यांना शिकवायला गेलो होतो. संस्थेनं पुढच्या पाच वर्षांत काय करावं याचा आराखडा मी लॅपटॉपवर तयार केला. एकतीस पानं. ध्येय, धोरण, बलस्थानं, कमकुवत बाजू, बाण, चौकोन, रंग. पेंडीच्या पोत्यांवर पांढरं धोतर ताणून त्यावर मी ते प्रोजेक्टरनं दाखवलं. बुवांनी सगळं डोळे मिटून ऐकलं, मधे एकदाही गुणगुणले नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

"लई चांगलं हाय," ते म्हणाले. "पन ह्यात झील कुनी धरायची?"

झील म्हणजे मुख्य गाणाऱ्यानं म्हटलेली ओळ मागच्यांनी उचलायची, ती. मी म्हटलं, "बुवा, हे नियोजन आहे. यात झील कुठून येणार?"

"मग तुमी म्हनलेली ओळ उचलनार कोन? एकटा मानूस ओळ म्हनतो अन् मागं कुनीच उचलीत न्हाई, त्याला काय म्हनत्यात? बोंब म्हनत्यात."

त्यांनी धोतर झटकून खांद्यावर टाकलं. आराखडा संपला.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उठतात. मुकादम ट्रक घेऊन येतो, नवरा-बायको कोयता, भांडी, पांघरूण आणि पोरं घेऊन चढतात, आणि थेट कोल्हापूर, कर्नाटक. तिकडं उसाच्या फडाकडेला पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायचं, पाच महिन्यांनी परत. पोरांची शाळा दिवाळीला सुटते ती सुटतेच. बुवांनी ठरवलं की भजनाच्या हॉलमध्ये या पोरांसाठी पाच महिन्यांचं वसतिगृह काढायचं. हॉल होता, धान्य द्यायला लोक तयार होते, स्वयंपाकाला दोन बाया मिळाल्या. एकच गोष्ट नव्हती. पोरं.

टोळ्यांमधल्या आयाबापांची बैठक घेतली. तीसेक बाया-पुरुष आले. अध्यक्षांनी भाषण केलं, त्यात शिक्षण, पिढी, प्रकाश वगैरे होतं. मी आहारावर बोललो. शेवटी मागं बसलेली सुमन नावाची एक बाई उठली. तिच्या मांडीवर सात-आठ वर्षांची पोरगी झोपलेली, तिला तशीच खांद्यावर घेऊन उठली.

"समदं खरं हाय," ती म्हणाली. "पन मधीच बंद पडलं तर?"

अध्यक्ष म्हणाले, "बंद कावून पडंल?"

"परवाच्या साली बी असंच म्हनलते." दुसऱ्या तालुक्यातल्या एका संस्थेत तिनं पोरीला ठेवलं होतं. संक्रांतीनंतर ती संस्था बंद झाली. पोरांना जीपमध्ये घालून ज्याच्या त्याच्या गावी सोडलं. सुमनच्या घराला कुलूप. पोरगी कुलपासमोर बसून राहिली, दोन दिवस शेजारणीनं जेवू घातलं, तिसऱ्या दिवशी फडात निरोप पोहोचला. "मी दोनशे कोसावर. मला काय कळतंय हितं चालू हाय का बंद हाय? तुमी फोनवर चालू हाय म्हनाल. ते बी म्हनायचे."

बैठक तिथंच संपली. एकाही पोराचं नाव मिळालं नाही. ट्रक यायला बारा दिवस उरले होते.

मी घरी जाऊन हमीपत्राचा मसुदा लिहायला बसलो. शिक्का, सही, साक्षीदार. बुवा दुकानात जाऊन पोत्यावर बसले आणि दाभणाच्या टोकानं लाकडी गल्ल्यावर संध्याकाळपर्यंत ठेका धरून राहिले. पेंड मागायला आलेल्यांनी स्वतःच पोती उचलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला बोलावलं आणि सांगितलं की या हंगामात पहारा लावायचा.

वाचणाऱ्यांपैकी कुणी सप्ताह पाहिला नसेल तर सांगतो. सप्ताह बसला की सात दिवस मंडपात वीणा वाजत असते. आमच्याकडं सगळे तिला ईनाच म्हणतात. ती गळ्यात अडकवून माणूस उभा असतो, तार छेडत असतो. दोन तासांनी दुसरा येतो, वीणा धरणाऱ्याच्या पाया पडतो, त्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घेतो, मग पहिला त्याच्या पाया पडतो आणि सुटतो. सात दिवस रात्रंदिवस ती जमिनीला टेकत नाही. हाच पहारा.

"ट्रक निघाला की ईना गळ्यात घालायची," बुवा म्हणाले. "ट्रक परत आला की उतरवायची. पाच महिने. ज्याच्या गळ्यात ईना त्याच्यावर पोरं. कुनाला ताप आला, कोन जेवलं न्हाई, कोन रडायलंय, त्यानंच बघायचं. अन् भिंतीला एक मोबाईल टांगायचा. फडातनं कुनाचा बी, कवा बी फोन आला की आधी ईनेजवळ धरायचा. आवाज आला तर चालू हाय. न्हाई आला तर बंद हाय. आपन तोंडानं काहीच सांगायचं न्हाई."

मंडळातले जुनेजाणते भडकले. पहारा सात दिवसांचा असतो, असं कुठं पाच महिन्यांचं असतं का. बुवा म्हणाले, "सात दिवसांत ऊस तुटतो का?" मग गळ्यात तुळशीची माळ नसलेल्यांना वीणा कशी द्यायची यावर वाद झाला. बुवांनी नवा नियम सांगितला. अंघोळ केलेली पाहिजे, आणि ते दोन तास खोटं बोलायचं नाही. "त्यात बी कितीक गळतील ते बघू." बायकांना देणार का, असं कुणी तरी विचारलं. दिवसाला बारा माणसं, आठवड्याला चौऱ्याऐंशी पहारे, नुसत्या पुरुषांवर हे भागणार नाही हे मी वहीवर दाखवलं. माझं नियोजन त्यांनी वापरलं असा हा एकमेव प्रसंग. पण उत्तर त्यांनी स्वतःचंच दिलं. "म्या ईनेला इचारलं बायांचं. ती काय न्हाई म्हनली न्हाई."

ठरावाला टाळाचा ठोका पहिल्याच फटक्यात एकदम पडला. अध्यक्षांसकट.

बुवा स्वतः वाडी-वस्त्यांवर जाऊन प्रत्येक टोळीत सांगून आले. ट्रक निघायच्या दिवशी सकाळी सुमन पोरीला घेऊन हॉलवर आली. बुवांच्या गळ्यातल्या वीणेकडं बघत उभी राहिली. मग बाहेर रस्त्यावर गेली, स्वतःच्या मोबाईलवरून भिंतीवरच्या मोबाईलला फोन लावला, तिथून ऐकलं, परत आली आणि पोरीचं गाठोडं ठेवलं. तिच्यामागं दुपारपर्यंत सदतीस पोरं जमा झाली.

त्या हंगामातले पहारे हा एका पुस्तकाचा ऐवज आहे. शिंप्यानं वीणा गळ्यात घालून पोरांच्या चड्ड्यांची मापं घेतली. माईंनी वीणा छेडत छेडत एका हातानं दोन पोरींच्या वेण्या घातल्या. मी माझ्या पहाऱ्यात पहिल्याच आठवड्यात भिंतीला टेकलो, आणि सुमनच्या पोरीनं, जिला नीट वाचता येत नव्हतं, मला बजावलं, "सर, टेकायचं न्हाई असं लिव्हलंय तिथं." लिहिलं काहीच नव्हतं. फडात दुपारी जेवणाची सुट्टी झाली की फोन वाजायला लागायचे. आम्ही वीणेजवळ धरायचो. पलीकडून कुणी काही बोलायचं नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, वाऱ्याचा यायचा. थोड्या वेळानं फोन बंद व्हायचा. सुमनचा फोन मंगळवारी यायचा, कारण तिच्या कारखान्यावरच्या मुकादमाकडं चार्जिंगची पाळी तिला सोमवारी असायची.

मंगळवारी बारा ते दोन पहारा अध्यक्षांचा होता.

पहिल्या मंगळवारी ते जीप भरून आले. फोटो झाले. वीणा गळ्यात घातली आणि असं काही गायला लागले की शेजारच्या शाळेत बसलेली पोरं कान झाकून पाटीवर लिहायला लागली. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी कार्यकर्ता पाठवला. बुवांनी त्याला दारातूनच परतवला. "पहारा मानसाचा असतो, पदाचा न्हाई. त्यांना यायला सांगा." अध्यक्ष तणतणत आले. तिसऱ्या मंगळवारपासून स्वतःचा मोबाईल दारातल्या परातीत ठेवायचा नियम आला आणि तो फक्त त्यांच्यासाठी होता, हे सगळ्यांना माहीत होतं. फोन आला की ते वीणेजवळ धरायचे, पण मधेच स्वतः तोंड घालायचे. "बोला बोला, अध्यक्ष बोलतोय." पलीकडची बाई घाबरून बंद करायची.

दोन ते चारचा पहारा रोज बुवांचा. जेवण झाल्यावर सगळं गाव पेंगतं, म्हणून ती वेळ त्यांनी स्वतःकडं घेतली होती. हाच त्यांचा हट्ट त्यांना महागात पडत होता. गुडघे सुजून पेंडीच्या गाठोड्यासारखे झाले होते. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी उभं राहायला बंदी घातली होती. बुवा त्या डॉक्टरांची तारीफ करायचे, लई हुशार मानूस म्हणायचे, आणि दोन वाजता उभे राहायचे.

संक्रांतीनंतर एका दुपारी दुकानात त्यांनी मला विचारलं, "प्राध्यापक, माज्यामागं कोन?"

मला हा विषय शिकवता येतो. मी निकष सांगितले, गुण द्यायची पद्धत सांगितली, आणि बोलता बोलता सगळे गुण एका विशिष्ट चिटणिसाला कसे मिळतात हे नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं.

ते हसले. "तुमाला ऐकू येतं, पन तुमी टेकता. अध्यक्ष टेकत न्हाईत, पन त्यांना ऐकू येत न्हाई. आता ह्यातलं कंचं शिकवता येतंय सांगा."

"अध्यक्ष?" मी म्हटलं. "बुवा, त्यांना निवडणूक लागली की ते हॉलला कुलूप घालून जातील."

"म्हनूनच बघायचंय. जागा त्यांची हाय. मी गेलो की वसतिगृह त्यांच्याच दारात जानार, तुमाला आवडो का न आवडो. फुडच्या दिवाळीला सुमनबाई इचारनार, बंद पडनार न्हाई ना. तवा कोन उत्तर देनार? मी आसंन का न्हाई कुनी सांगावं. त्यांच्या पायाला टेकायची सवय न्हाई, तेवढी तरी जमेची बाजू हाय." आणि दाभण गल्ल्यावर आपटत म्हणाले, "एकदा तरी त्यांना ऐकू यायला पायजे."

ज्वारी काढणीच्या दिवसांत तो मंगळवार आला. राज्यातले एक मोठे साहेब केजला येणार होते, हेलिकॉप्टरनं. अध्यक्षांनी पंधरा दिवस आधीपासून फेटा रंगवून घेतला होता. हार घालायच्या यादीत त्यांचं नाव तिसरं होतं आणि पुढच्या तिकिटाचा सगळा खेळ त्या हारावर होता. साहेब अडीचला उतरणार. अध्यक्षांचा पहारा दोनला संपणार. जीप दारात, इंजिन चालू. हिशेब बरोबर जुळत होता, कारण बुवा आयुष्यात कधी एक मिनिट उशिरा आले नव्हते.

पावणेदोनला बुवा दुकानातून निघाले, मी बरोबर. हॉलच्या मागच्या खिडकीखाली आले आणि थांबले. मला हाताला धरून खाली बसवलं. स्वतःही बसले, ते गुडघे घेऊन.

"बुवा, दोन वाजले."

"वाजू द्या."

मला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. "बुवा, ते वीणा खाली ठेवून जातील. चार महिन्यांचा पहारा मोडेल. त्या बायांना दिलेला शब्द आहे."

"माहीत हाय मला," ते हळूच म्हणाले. "दार सात पावलांवर हाय. तार थांबली की मी उठनार. जमिनीला टेकू देनार न्हाई."

सुजलेल्या गुडघ्यांवर सात पावलं. आतून वीणेचा आवाज येत होता. अध्यक्ष फेऱ्या मारत होते, चपला नसलेल्या पायांचा थपथप आवाज, आणि मधूनमधून, "आरं बुवा कुठं हायत? बघा की कुनीतरी." पोरं शाळेत होती. स्वयंपाकाच्या बाया विहिरीवर. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटं. दोन वाजून वीस मिनिटं. तार आता फटकारल्यासारखी वाजत होती, घाईघाईनं, सगळी लय पुढं पळत. बुवा डोळे मिटून ऐकत होते, जसं कामावर आलेल्या माणसाचं ऐकायचे.

मग लांबून हेलिकॉप्टरचा आवाज आला. वाढत वाढत डोक्यावरून गेला. आणि तार थांबली.

बुवांनी माझा खांदा दाबून उठायला सुरुवात केली. अर्धे उठले. गुडघ्यानं दगा दिला, ते पुन्हा बसले. मी धावायला निघालो, तेवढ्यात आत भिंतीवरचा मोबाईल वाजला.

तीन वेळा वाजला. पावलं भिंतीकडं गेली. आणि वीणा वाजली. एकदा, हळू. मग पुन्हा. मग लागोपाठ, एका लयीत, अजिबात न पळता.

मी खिडकीच्या गजांतून पाहिलं. अध्यक्ष, डोक्यावर केशरी फेटा, मान वाकडी करून मोबाईल वीणेच्या भोपळ्याला लावून उभे होते. मंगळवार होता, म्हणजे पलीकडं सुमन असणार. या वेळी त्यांनी तोंड घातलं नाही. ऐकत होते. पलीकडच्या फडातलं त्यांना काय ऐकू येत होतं कुणास ठाऊक, पण भुवया वर करून, ओठ मिटून, पहिल्या रांगेतल्या माणसासारखे ऐकत होते. फोन नेहमीपेक्षा बराच वेळ चालला.

बुवा खाली बसल्या बसल्याच विचारत होते, "लय? लय कशी हाय?" जणू त्यांना ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "धरलीय."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि जीपमधला कार्यकर्ता कानाला फोन लावून धापा टाकत आत आला. "अध्यक्ष, साहेब उतरले. हाराचं दुसरं नाव झालं, आता तुमचं पुकारायलेत. चला ना लवकर, साहेब इचारायलेत तुमाला, काय सांगू त्यांना?"

वीस गावांतला सगळ्यात मोठा आवाज असलेल्या त्या माणसानं मोबाईल वीणेला आणखी घट्ट लावला, वीणा वाजतीच ठेवली, आणि दातओठ खात तो कुजबुजला:

"मरू दे ते साहेब. हळू बोल बे, तिकडं बाई ईना ऐकायली."